आजीच्या उदरातील शिदोरी

माघ महिन्यात आमच्या शेजारच्या घरी धाकट्या सुनेचे डोहाळजेवण झाले. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाटाभोवती रांगोळी, सारे यथासांग. ओटी भरावयाची वेळ आली तेव्हा थोरली सून स्वयंपाकघरात पुऱ्या तळीत होती. तिला कोणी 'येऊ नकोस' म्हटले नाही. बोलावलेही नाही, इतकेच. लग्नास सहा वर्षे होऊन तिची कूस अजून उजवली नव्हती. आमच्या सौभाग्यवतींनी घरी आल्यावर हे सांगितले, आणि त्या रात्री त्या धड जेवल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात त्या घरच्या वडीलधाऱ्या माई स्वतः आमच्याकडे आल्या. हातात थोरल्या सुनेच्या रक्ततपासणीचा कागद होता.

"सर, तुम्ही एवढे वाचता, तर हे काय ते सांगा. डॉक्टरीणबाई म्हणतात, हिच्या पोटातली बीजं संपत आलीत. एकतीस वर्षांची पोर. बीजं संपतील कशी? आमच्या वेळी चाळिशीतही बायकांना मुलं होत होती. एम. एस्सी. होईतो लग्नाला थांबली, त्याचंच हे फळ ना?"

आम्ही मराठी भाषेचे अध्यापक. विज्ञानातील प्रश्नास तेथल्या तेथे उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, म्हणून आठवड्याची मुदत मागून घेतली. शाळेतील जीवशास्त्राच्या शिक्षिकाबाईंना विचारून, मिळाले ते ग्रंथ व लेख चाळून जे हाती लागले, ते त्या घरच्या मंडळींच्या अनुमतीने आणि ओळखीच्या खुणा पुसून येथे मांडीत आहोत. कुटुंबाच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणास वाटल्यास त्यांनी स्मरावे की रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असल्या विषयांवर मराठीत निर्भीडपणे लिहावयास आरंभ केला होता. शंभर वर्षे होत आली. अजूनही आपण ही बोलणी स्वयंपाकघरात, आवाज उतरवूनच करतो.

आता मूळ प्रश्न. बीजे संपतात काय? होय, संपतात, आणि त्यांची भरती पुन्हा होत नाही. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तारुण्यापासून उतारवयापर्यंत अखंड तयार होत राहतात. स्त्रीचे तसे नाही. तिच्या वाट्याची सर्व बीजे ती स्वतः आईच्या उदरात असतानाच तयार होतात. गर्भ सुमारे वीस आठवड्यांचा असताना त्याच्या चिमुकल्या अंडाशयांत साठ ते सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी त्यांतील दहा ते वीस लाख उरतात, आणि मुलगी वयात येते तेव्हा तीन ते चार लाख. प्रत्यक्षात आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडणारी बीजे चारपाचशेच. उरलेली सारी, कोणताही गाजावाजा न करता, दरमहा शेकड्यांनी विरून जातात. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ च्या सुमारास, तर आपल्या देशात ४६-४७ च्या सुमारास येते. साठा जन्मतःच ठरलेला असतो हा विचार एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला आहे. १९५१ साली सॉली झुकरमन यांनी सर्व पुरावा एकत्र मांडून तो पक्का केला. २००४ साली उंदरांवरील काही प्रयोगांनी त्यास आव्हान दिले आणि तो वाद अद्याप पुरता शमलेला नाही. तथापि बहुसंख्य संशोधक आजही जुन्याच मताचे आहेत.

यातून एक गोष्ट निघते, तिने आम्हांस वाचता वाचता थांबविले. ज्या बीजापासून आपला जन्म झाला, ते बीज आपल्या आईच्या शरीरात घडले ते ती आपल्या आजीच्या उदरात असताना. म्हणजे आपल्यातील अर्धा अंश आजीच्या पोटात काही महिने राहून आलेला आहे. आजीने त्या महिन्यांत काय खाल्ले, ती कोणत्या घरात कोणत्या अवस्थेत होती, हे आपण कधी विचारलेले नसते. घरोघरी ज्या शिदोरीचा हिशेब सुनेकडे मागितला जातो, ती शिदोरी बांधली जाते तेव्हा त्या सुनेचा जन्मही झालेला नसतो. तिने किती शिकावे, केव्हा लग्न करावे, हे प्रश्न त्यानंतर वीसपंचवीस वर्षांनी उद्भवतात.

शिदोरी बांधून दिली, पण ती पुरवून खावयाची की एकदम संपवावयाची, हे कोण ठरवते? येथे जनुकांचा संबंध येतो. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो. डोळ्याच्या पेशीत तोच, यकृताच्या पेशीत तोच. फरक असतो तो कोणते जनुक जागे आहे आणि कोणते निजलेले आहे याचा. शाळेच्या कपाटात दहाही इयत्तांची पुस्तके असतात, म्हणून पहिलीच्या वर्गात दहावीचे बीजगणित कोणी उघडीत नाही. शास्त्रज्ञ ज्याला जनुकांची सक्रियता म्हणतात ती हीच: कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, कोणते पुस्तक उघडले जाते.

अंडाशयातील प्रत्येक बीज काही साहाय्यक पेशींच्या पातळ वेष्टनात निजलेले असते. त्यास निद्रिस्त ठेवण्याचे काम जी जनुके करतात त्यांत 'फॉक्सो-३' हे नाव प्रमुख आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन बीजाच्या केंद्रकात पहारा करीत बसते. वाढीचा संदेश आला की ते केंद्रकाबाहेर काढले जाते, आणि बीज जागे होऊन वाढू लागते. एकदा जागे झालेले बीज पुन्हा निजत नाही; ते पक्व तरी होते, नाही तर नाश तरी पावते. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी हे जनुक नसलेल्या उंदरांच्या माद्या अभ्यासिल्या. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची सारीच्या सारी बीजे एकदम जागी झाली, आणि काही महिन्यांतच त्या माद्या वंध्य झाल्या. बाहेरून पाहता त्या धडधाकट होत्या. २००८ साली 'पीटेन' या दुसऱ्या जनुकाविषयी तसेच आढळले. वाढीचा संदेश बीजापर्यंत पोचू न देता त्याला आवर घालणे हे पीटेनचे काम. केवळ बीजपेशींतून ते काढून टाकले तेव्हा येथेही सारा वर्ग एकदम उठून उभा राहिला आणि पहिल्याच तासाला शाळा सुटली.

माईंच्या 'बीजं संपतील कशी?' या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. साठा मुळातच लहान असेल तर तो लवकर संपतो; साठा पुरेसा असून पहारा ढिला असेल तरीही संपतो. दोन्हींत त्या बाईचे कर्तृत्व शून्य. चाळिशीच्या आत अंडाशयाचे कार्य मंदावणे वा थांबणे हे शंभरात निदान एका स्त्रीच्या बाबतीत घडते. कर्करोगावरील औषधे वा किरणोपचार, अंडाशयावरील शस्त्रक्रिया, क्वचित शरीराने स्वतःच्याच पेशींवर केलेला हल्ला, ही त्याची काही कारणे आहेत. धूम्रपानाने रजोनिवृत्ती वर्षदोन वर्षे अलीकडे येते, हेही सिद्ध झालेले आहे. परंतु पुष्कळ जणींच्या बाबतीत कारण हाती लागत नाही, आणि जेथे लागते तेथे ते अनेकदा जनुकांत असते. पदवी परीक्षा या यादीत कोठेही नाही, हे आम्ही माईंना मुद्दाम सांगितले.

एक गोष्ट जाता जाता. पहारा कसा चालतो हे कळल्यावर तो मुद्दाम उठवून उरलीसुरली निजलेली बीजे जागी करता येतील काय, असा विचार साहजिकच पुढे आला. जपानमधील काझुहिरो कावामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाली अंडाशय थकलेल्या स्त्रियांच्या अंडाशयाचे तुकडे काढून, त्यांवर प्रयोगशाळेत औषधे वापरून ते पुन्हा बसविले, आणि २०१३ साली या मार्गाने मूल जन्मल्याचे प्रसिद्ध केले. यश मोजक्याच जणींना आले, आणि हा उपचार अद्याप प्रयोगाच्याच पायरीवर आहे. वर्तमानपत्रातील जाहिराती पाहून धाव घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पहाऱ्याखेरीज दुसरे खाते परीक्षकांचे आहे. बीजातील जनुकद्रव्याचे धागे तुटतात, जोडले जातात, पुन्हा तुटतात. जोडणी नीट झाली नाही तर त्या बीजाला बाद करण्याचे काम 'चेक-२' नावाच्या जनुकाकडे आहे. हा परीक्षक फार कडक आहे. एकदा नापास केले की फेरपरीक्षा नाही. २०२१ साली युरोपीय वंशाच्या सुमारे दोन लाख स्त्रियांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत रजोनिवृत्तीच्या वयाशी संबंध असलेली २९० स्थाने आढळली. त्यांतील बरीचशी याच दुरुस्तीच्या आणि परीक्षेच्या खात्यातील होती. त्याच संशोधकांनी उंदरांत चेक-२ काढून टाकून पाहिले. तसेच त्याच्या जोडीच्या चेक-१ ची जादा प्रत घालून पाहिले. दोन्ही प्रकारांत माद्यांचा प्रजननकाल सुमारे चतुर्थांशाने वाढला. 'बीआरसीए-१' हे जनुक स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात वृत्तपत्रांतून आपल्या कानांवर आलेले असते. तेही याच दुरुस्तीखात्यातील आहे, आणि त्यात बिघाड असलेल्या उंदरांच्या माद्यांत बीजांचा साठा लवकर आटतो.

२९० स्थाने! एखाद्या स्त्रीस पंचेचाळिसाव्या वर्षी मूल होते आणि दुसरीची पाळी अडतिसाव्या वर्षी थांबते, यामागे अशा अनेक बारीक बारीक भेदांची बेरीज असते. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून दिसते की रजोनिवृत्तीच्या वयातील फरकांपैकी सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक आहे. 'आमच्या वेळी चाळिशीतही मुलं होत होती' हे माईंचे म्हणणे खोटे नाही. ज्यांना होत होती त्या आपल्याला आठवतात. ज्यांची पाळी तिशीतच गेली त्या सवती आल्यावर मागल्या खोलीत गेल्या, आणि त्यांची आठवण कोणी ठेवली नाही.

दोन क्ष गुणसूत्रांची कथा येथे सांगावीच लागेल, कारण पुढे ती कामास येणार आहे. स्त्रीच्या पेशीत क्ष गुणसूत्रे दोन असतात. त्यांपैकी एक प्रत्येक पेशीत गप्प केलेले असते, हे मेरी लायन या इंग्रज विदुषीने १९६१ साली उंदरांच्या केसांच्या रंगांवरून ताडले. परंतु बीजपेशी याला अपवाद आहे. बीज घडू लागते तेव्हा तिच्यातील निजलेले क्ष पुन्हा जागे होते, आणि दोन्ही मिळून काम करतात. म्हणूनच ज्या मुलींना जन्मतः एकच क्ष मिळालेले असते, त्यांची बीजे बहुधा बालपणापूर्वीच विरून जातात. हेन्री टर्नर यांनी १९३८ साली वर्णिलेली अवस्था ती हीच. क्ष वरील काही जनुकांत लहानसा दोष असला तरी बीजांच्या साठ्यावर परिणाम होतो. त्यांतील 'एफएमआर-१' या जनुकात तीन अक्षरांचा एक समूह पुन्हा पुन्हा येतो. या आवृत्त्या दोनशेच्या वर गेल्या तर जनुक मुके होते आणि मुलग्यांत गंभीर बौद्धिक दौर्बल्य येते. पंचावन्न ते दोनशेच्या दरम्यान असल्या तर जनुक मुके होत नाही. उलट प्रमाणाबाहेर बडबडू लागते. अशा अवस्थेतील स्त्रियांपैकी सुमारे एक पंचमांश जणींचे अंडाशय चाळिशीच्या आतच थकतात. ही अवस्था आईकडून येऊ शकते तशी वडिलांकडूनही येते, आणि वडिलांत असल्यास त्यांच्या सर्व मुलींत उतरते.

येथवर वाचून तरुण वाचक भगिनींचा समज होईल की मग वयाचा काही संबंधच नाही. तसे सांगणे म्हणजे माईंची समजूत घालण्यासाठी सत्याचा बळी देणे होईल. वयाचा संबंध आहे, आणि तो मोठा आहे. मात्र तो सर्व स्त्रियांना लागू असणारा, सावकाश चालणारा आहे. एकतिसाव्या वर्षी साठा संपण्याशी त्याची गल्लत करू नये.

बीज आईच्या उदरात घडत असताना त्याच्या गुणसूत्रांच्या विभाजनाला आरंभ होतो आणि ते विभाजन अर्ध्यावरच थांबते. उरलेले काम ते बीज पक्व होईल त्या महिन्यात, म्हणजे पंधरा, तीस किंवा चाळीस वर्षांनी पूर्ण होते. इतका काळ गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र बांधून ठेवण्याचे काम 'कोहेसिन' नावाच्या प्रथिनांची कडी करते. तिच्यातील 'रेक-८' हा घटक जन्मापूर्वी एकदा बसविला जातो. २०१० च्या सुमारास उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून दिसले की जुनी कडी झिजली म्हणून नवी घातली जात नाही आणि वयाबरोबर ती सैल होत जाते. सैल बांधलेली जोडी वेळेआधीच सुटते, आणि बीजात एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी जाते. बहुतेक वेळा असा गर्भ टिकत नाही. काही वेळा टिकतो, आणि एकविसावे गुणसूत्र तिप्पट होऊन डाऊन यांच्या नावाने ओळखली जाणारी अवस्था उद्भवते. आईच्या वयाचा या अवस्थेशी संबंध आहे हे लायोनेल पेनरोज यांनी १९३३ सालीच दाखविले होते. कारण कळावयास पाऊणशे वर्षे लागली. आईचे वय पंचवीस असता हे प्रमाण सुमारे साडेबाराशे जन्मांत एक इतके असते; चाळीस असता शंभरात एक. तेव्हा मूल हवे असल्यास तिशीच्या पूर्वार्धापर्यंत त्याचा विचार व्हावा, ही डॉक्टरांची सूचना योग्यच आहे. फक्त ती पतीपत्नी दोघांना उद्देशून आहे, एकटीला नव्हे.

निसर्गात सगळीकडे असेच चालते काय? उंदराची मादी वर्षाची झाली की तिचा प्रजननकाल सरत येतो. उलट पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, अंगावर केस जवळजवळ नसलेला एक मोल नावाचा उंदीर आहे. तो तीस वर्षांहून अधिक जगतो आणि त्याच्या कळपातील एकटी राणी आयुष्यभर विते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्या अंडाशयात आठव्या दिवशी सुमारे पंधरा लाख बीजे असतात, आणि जन्मानंतरही काही काळ नवी बनत राहतात. हत्तीण पन्नाशी उलटल्यावरही विते. सस्तन प्राण्यांत बीजे संपल्यावरही दीर्घकाळ जगणारे प्राणी अगदी थोडे: माणूस, आणि दात असलेल्या देवमाशांच्या पाच जाती. युगांडातील चिंपांझींच्या एका कळपातही असे आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. कातिल देवमासा म्हणून जी जात ओळखली जाते, तिच्या माद्या चाळिशीच्या सुमारास वीत नाहीशा होतात आणि पुढे कित्येक दशके जगतात. अन्नाचा तुटवडा असलेल्या वर्षी कळपाला मासे कोठे मिळतील ते दाखवीत पुढे जाते ती अशी आजी. आणि आजी असलेल्या पिलांची जगण्याची शक्यता अधिक असते. टांझानियातील हाड्झा जमातीच्या म्हाताऱ्या नातवंडांसाठी कंदमुळे खणून आणतात, त्यावरून क्रिस्टन हॉक्स यांनी माणसाविषयीही असाच तर्क मांडला. आम्ही हा मजकूर माईंना वाचून दाखविला तेव्हा त्या प्रथमच हसल्या. देवमाशाची आजी त्यांस पसंत पडली.

आता पुरुषांकडे वळू. वाल्मीकी रामायणातील दशरथ राजास राण्या अनेक, पुत्र एकही नाही. यज्ञातून पायस आले ते राण्यांनी प्राशन केले. अंकगणिताच्या साध्या विद्यार्थ्यासही येथे शंका यावी की सर्व राण्यांत समान असलेली गोष्ट कोणती! (शांता ही कन्या दशरथाचीच, असे काही पाठ सांगतात, पत्र लिहिण्यास सरसावलेल्या वाचकांनी हे आम्हांस ठाऊक आहे असे समजावे.) आज असे दिसते की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडील कारण एकट्याने वा जोडीने असते. पुरुषाच्या य गुणसूत्रावर शुक्राणुनिर्मितीस आवश्यक अशा जनुकांचे गट आहेत. त्यांतील एखादा तुकडा गळालेला असला तर वीर्यात शुक्राणू सापडत नाहीत. १९७६ साली दोन इटालियन संशोधकांनी हे प्रथम सुचविले, आणि आपल्या देशात हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात या तुकड्यांवर पुष्कळ काम झालेले आहे. असा पुरुष दिसावयास बलदंड असू शकतो.

वयाचा भारही पुरुषाला चुकलेला नाही. शुक्राणू नित्य नवे बनतात याचा अर्थ असा की मूळ पोथीची नक्कल पुन्हा पुन्हा होते, आणि नकलेत चुका साठतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी, म्हणजे जे पुढे १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले त्यांनीच, १९४७ साली रक्तस्रावाच्या आनुवंशिक रोगाच्या अभ्यासावरून असे अनुमान काढले होते की नवी उत्परिवर्तने आईपेक्षा बापाकडून अधिक येतात. २०१२ साली आइसलँडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून ते मोजले गेले: बापाच्या वयाचे प्रत्येक वर्ष अपत्यात सुमारे दोन नव्या चुकांची भर घालते. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. पण मुलाचे वय विचारताना 'मुलगा काय, पस्तिशीतही चालेल' असे म्हणणाऱ्या वरपित्यांनी हा आकडा एकदा वाचावा. आमच्या शेजारच्या थोरल्या चिरंजीवांची या सहा वर्षांत एकदाही तपासणी झालेली नव्हती, हे आम्हांस विचारल्यावर कळले. विचारले तेव्हा माई पदराशी चाळा करीत राहिल्या.

हे सारे आम्ही त्यांच्या घरी जाऊन, चहाचे पेले बाजूस सारून, सांगितले. आजीच्या उदरातील शिदोरीची गोष्ट झाली तेव्हा माई पटकन म्हणाल्या,

"म्हणजे दोष विहीणबाईंचा म्हणा की!"

आम्ही हसलो. हसावयास नको होते. सहा वर्षे एका खांद्यावर ठेवलेले ओझे काढून लगेच ठेवावयास दुसरा खांदा शोधणे हे आपल्या किती अंगवळणी पडले आहे! आम्ही पुन्हा आरंभापासून सांगितले, की जनुके आईकडून येतात तशीच बापाकडून येतात, आणि आईकडे ती तिच्या आईबापांकडून आलेली असतात. हा दोष धरीत मागे जावयाचे तर वाट संपणार नाही. हेही सांगितले की अशा अवस्थेतील शंभरातील पाचदहा जणींना पुढे आपोआप दिवस राहतात. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेण्याचाही मार्ग आहे. त्याविषयी २०२१ चा कायदा आहे, आणि त्यानुसार बीज देणारी स्त्री तेवीस ते पस्तीस वर्षांची असावी लागते व ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते. दत्तक घेण्याचा मार्ग तर आपल्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. माई ऐकत होत्या. पटले किती ते सांगता येत नाही.

थोरली सून तोवर दारात येऊन उभी होती. एफएमआर-१ चे नाव तिने आम्हांला पुन्हा सांगावयास लावले. मग म्हणाली, "सर, माझी धाकटी बहीण पंचवीसची आहे. तिला हे काहीच माहीत नाही. घरच्यांनी सांगू नको म्हटलं होतं, तिचं लग्न ठरायचंय म्हणून."

कोणी काही बोलले नाही. या प्रकारची चाचणी थोरलीचीच आधी व्हावी लागते, हे तिला तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. तिच्यात ती अवस्था निघाली तर बहिणीची तपासणी, आणि बहिणीतही निघाली तर तिला काही वर्षे हाताशी असतानाच लग्नाचा, मुलांचा किंवा बीजे शीतगृहात जतन करण्याचा विचार करता येईल. आणि अशा अवस्थेतील आवृत्त्या पुढच्या पिढीत दोनशेच्या वर जाऊ शकतात, तेही तिला आधी ठाऊक होईल. ही माहिती लपविली तर बहिणीच्या हातची वर्षे तिच्या नकळत निघून जातील. लग्नाच्या बाजारात सांगितली तर स्थळे मागे फिरतील. आम्ही या पेचावर तोडगा सांगू शकलो नाही. आमच्याजवळ तो नाही.

तिने त्याच रात्री बहिणीला फोन केला असे सौभाग्यवतींकडून कळले. रक्ताचा नमुना गेल्या सोमवारी गेला आहे. थोरल्या चिरंजीवांनीही आपला दिला. अहवाल यावयास तीन आठवडे लागतील. धाकट्या सुनेचे दिवस आता भरत आले आहेत. बारशाला पाळण्याची दोरी कोणी धरावयाची, याविषयी त्या घरात अद्याप बोलणे झालेले नाही.